लाल कार्ड आणि वाळीत : एका फसव्या उपमेचा इतिहास

कुणा कुटुंबाला वाळीत टाकल्याची बातमी आली की तिच्याखाली एक वाक्य हमखास सापडते : "खेळात नियम मोडणाऱ्याला लाल कार्ड दाखवतात, मग गावाने किंवा समाजाने दाखवले तर एवढा गहजब कशाला?" वाक्य आटोपशीर आहे, चटकन पटणारे आहे आणि मुळापासून खोटे आहे. ते कसे खोटे आहे हे सांगण्यासाठी हा धागा. त्यासाठी लाल कार्डाचा इतिहास पाहावा लागेल आणि वाळीत टाकण्याचाही. दुसरा इतिहास पहिल्यापेक्षा फार जुना, आणि फार जवळचा.

ही उपमा तपासायला मुळशी तालुक्यातले चांदे हे सोयीचे ठिकाण आहे. नांदे आणि चांदे ही दोन नावे माणसे एका दमात उच्चारतात. एका अंगाला हिंजवडीचे आयटी पार्क, दुसऱ्या अंगाला म्हाळुंगे-बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडासंकुल आणि मागे पौड, तालुक्याचे ठिकाण. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बालेवाडीचे संकुल उभे राहिले. २००८ मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा झाल्या, २०१४पासून काही हंगाम इंडियन सुपर लीगचे फुटबॉल सामने झाले, प्रो कबड्डीही आली. त्यामुळे या पट्ट्यातल्या मुलाला लाल कार्ड म्हणजे काय हे कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. त्याच मुलाच्या कानावर गावकी, भावकी आणि वाळीत हे शब्दही लहानपणापासून पडलेले असतात. दोन्ही शब्दांचे अर्थ एकाच डोक्यात शेजारी शेजारी राहतात, आणि शेजाऱ्यांची सरमिसळ व्हायला वेळ लागत नाही.

सरमिसळीला भाषेचीही फूस आहे. कबड्डीच्या मैदानावर निर्णय देतो तो 'पंच'. जातीच्या बैठकीत निर्णय देतो तोही 'पंच'. मराठीने दोघांना एकच नाव दिले. त्यामुळे दोघांचे काम एकच असावे असे वाटू लागते. या एका शब्दाने जितका वैचारिक घोटाळा केला आहे तितका क्वचितच दुसऱ्या शब्दाने केला असेल.

आधी कार्डाची जन्मकथा. २ जून १९६२ रोजी सांतियागो शहरात विश्वचषकाचा चिली विरुद्ध इटली सामना झाला. त्याला सामना म्हणणे हा शब्दाचा अपमान; ती हाणामारी होती. पंच होते इंग्लंडचे केन ॲस्टन. पेशाने शिक्षक, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्यात अधिकारी म्हणून राहिलेले. त्यांनी इटलीच्या फेरिनीला बाहेर काढले, तर तो मैदान सोडेना. अखेर पोलिसांना आत यावे लागले. चार वर्षांनी, २३ जुलै १९६६ रोजी, वेम्बलीवर इंग्लंड विरुद्ध अर्जेंटिना. पंच जर्मन, रुडॉल्फ क्राइटलाइन. त्यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार रातीन याला बाहेर जाण्यास सांगितले. पंचांना स्पॅनिश येईना, रातीनला जर्मन कळेना. तो दुभाषा मागत मैदानातच उभा राहिला आणि कित्येक मिनिटे खेळ ठप्प झाला. त्याच सामन्यात इंग्लंडच्या चार्ल्टन बंधूंना ताकीद मिळाली होती. पण ती मिळाली की नाही हे दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रे वाचेपर्यंत पक्के कळले नव्हते.

त्या स्पर्धेत पंचांची जबाबदारी ॲस्टन यांच्याकडे होती. वेम्बलीहून परतताना लंडनच्या केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवर सिग्नलपाशी गाडी थांबली आणि त्यांना उपाय सुचला : पिवळा म्हणजे सांभाळ, लाल म्हणजे थांब. १९७०च्या मेक्सिको विश्वचषकात कार्डे प्रथम आली. ३१ मे रोजी उद्घाटनाच्याच सामन्यात पिवळे कार्ड निघाले. लाल मात्र त्या संपूर्ण स्पर्धेत एकदाही खिशाबाहेर आले नाही.

या कथेतला मुद्दा नीट ध्यानात घ्यायला हवा. मैदानाबाहेर काढण्याची शिक्षा कार्डाच्या आधीही होती. फेरिनी आणि रातीन कार्डाविनाच बाहेर गेले. ॲस्टन यांनी शोधली ती शिक्षा नव्हेच. शिक्षा झाली आहे, कुणाला झाली आहे आणि कुणी केली आहे, हे ज्याला झाली त्याला, त्याच्या साथीदारांना, प्रतिस्पर्ध्यांना आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही त्याच क्षणी, कोणत्याही भाषेवाचून कळावे, याची ती सोय होती. लाल कार्ड हा सत्तेला उघड्यावर आणणारा कागद आहे. ज्या पंचाने ते वर धरले त्याचा हातही सर्वांना दिसतो.

लाल रंगाचा अर्थही वाटतो तितका ठाम नाही. व्हॉलीबॉलमध्ये लाल कार्ड मिळाल्याने खेळाडू बाहेर जात नाही. प्रतिस्पर्ध्याला एक गुण आणि सर्व्हिस मिळते. बॅडमिंटनमध्येही लाल म्हणजे गुणाचे नुकसान. बाहेर काढायचे तर काळे कार्ड लागते. (ज्या खेळाचे एक जुने नावच 'पूना' होते, त्याचा हा नियम पुणेकरांना तरी ठाऊक असावा.) कबड्डीत हिरवे म्हणजे ताकीद, पिवळे म्हणजे दोन मिनिटे बाहेर, लाल म्हणजे उरलेल्या सामन्याला मुकणे. इंटरपोलची 'रेड नोटीस' हे अटक वॉरंट नसून सदस्य देशांना केलेली विनंती असते. मराठी वृत्तवाहिन्या मात्र ती फाशीच्या दोरासारखी वाचून दाखवतात. आपल्याकडच्या शिधापत्रिकांची गंमत आणखी वेगळी. १ मे १९९९पासून महाराष्ट्रात तिरंगी योजना आली : पिवळे, केशरी, पांढरे. तिथे पिवळे कार्ड हा ठपका नसून गरिबाचा आधार आहे, आणि ते मिळवण्यासाठी लोक तहसील कचेरीत खेटे घालतात. अर्थ रंगात नसतोच. तो रंगामागच्या नियमात असतो, आणि नियम बदलला की तोच रंग दुसरे काही बोलू लागतो. म्हणून "लाल म्हणजे लाल" असे म्हणणाऱ्याला आधी विचारावे, की कुठल्या नियमाचे लाल?

फुटबॉलच्या नियमाचे लाल कार्ड काही मर्यादा पाळते. ते कृत्याला मिळते, कुळाला नाही. बापाने मागच्या हंगामात लाथ मारली म्हणून मुलाला या हंगामात बाहेर काढता येत नाही. कोणत्या कृत्यांना ते मिळेल याची यादी सामन्याआधी छापलेली असते. देणारा पंच दोन्हींपैकी कोणत्याही संघाचा नसतो. मुदत ठरलेली असते : हा सामना आणि त्यापुढचे मोजके सामने. आणि चूक झाली तर दुरुस्तीला वाट असते. २२ मार्च २०१४ रोजी चेल्सी विरुद्ध आर्सेनल सामन्यात चेंडू हाताने अडवला एका खेळाडूने आणि पंचांनी बाहेर काढले दुसऱ्यालाच, कीरन गिब्सला. मैदानावर ते कुणाला थांबवता आले नाही. पण सारे जगाच्या डोळ्यांदेखत घडलेले असल्याने इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेला चूक मान्य करावी लागली आणि गिब्सवरचा ठपका पुसला गेला. पंचही माफी मागून मोकळे झाले. न्याय असा चुकू शकतो. चुकल्याचे दिसू शकते, हीच त्याची अब्रू.

९ जुलै २००६ची विश्वचषकाची अंतिम लढत आठवणाऱ्यांना झिदानही आठवेल. मातेराझ्झीच्या छातीत डोके मारले, लाल कार्ड मिळाले, फ्रान्स हरला. पण गोष्ट तिथे संपली नाही. फीफाने चौकशी केली आणि शिक्षा दोघांनाही झाली : झिदानला तीन सामन्यांची बंदी, चिथावणी देणाऱ्या मातेराझ्झीला दोन. ज्या स्पर्धेत लाल कार्ड मिळाले त्याच स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून झिदानची निवडही झाली. लाल कार्डाने त्याचा गुन्हा दाखवला, त्याचा खेळ पुसला नाही, आणि त्याच्या घरच्या लग्नकार्याला कुणी जाऊ नये असा ठरावही कुणी केला नाही.

आता एक प्रसंग, ज्यात दोन्ही प्रकारच्या शिक्षा एकाच माणसाच्या आयुष्यात शेजारी उभ्या आहेत. विश्वचषकात लाल कार्ड मिळालेला पहिला खेळाडू म्हणजे चिलीचा कार्लोस कास्झेली. तारीख १४ जून १९७४, सामना पश्चिम जर्मनीविरुद्ध. नऊ महिन्यांपूर्वी चिलीत जनरल पिनोशेने लष्करी बंड करून सत्ता बळकावली होती. कास्झेली डाव्या विचारांचा. पिनोशेशी हस्तांदोलन न करणारा म्हणून ओळखला जाणारा. लाल कार्डामुळे त्याचा पुढचा सामना हुकला, एवढीच खेळाने त्याला केलेली शिक्षा. पण त्याच्या राजकीय मतांची शिक्षा सत्तेने त्याच्या आईला केली. तिला उचलून नेले गेले, तिचा छळ झाला. १९८८च्या सार्वमताच्या प्रचारात ती दूरचित्रवाणीवर आली, आपल्यावर काय गुदरले ते तिने शांतपणे सांगितले. आणि मग कॅमेऱ्यासमोर कास्झेली आला. ही आपली आई, हे त्याने सांगितले तेव्हा देशाला दोन्ही गोष्टी एकत्र कळल्या. मैदानाचे कार्ड होते कास्झेलीच्या नावाचे, म्हणून ते त्याच्यापाशीच थांबले. सत्तेच्या शिक्षेवर नाव नव्हते, म्हणून ती घरात शिरली.

वाळीत टाकणे हे या दुसऱ्या जातीचे आहे.

मराठीत या प्रथेचे शब्दच पुरेसे बोलके आहेत : वाळीत, बहिष्कार, अपांक्त, ग्रामण्य, रोटीबेटी बंद. यांतला सर्वांत विलक्षण शब्द आज भलत्याच अर्थाने घरोघर वापरला जातो : घटस्फोट. धर्मशास्त्रात घटस्फोट म्हणजे पतिताला समाजातून काढण्याचा विधी. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात त्याची रीत दिली आहे. अशुभ दिवशी, संध्याकाळी, गावाबाहेर, नातेवाईक आणि गुरूच्या समक्ष, एका दासीने पाण्याने भरलेला घडा पायाने लवंडायचा. जणू तो माणूस मेलाच. आप्तांनी एक अहोरात्र सुतक पाळायचे आणि त्यानंतर त्याच्याशी बोलणे, बसणे, वारसा देणे, सारे बंद. डॉ. पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या विधीची सविस्तर चर्चा केली आहे. जिवंत माणसाचे सुतक ही कल्पना ज्याला लाल कार्डासारखी वाटते, त्याने लाल कार्ड तरी पाहिलेले नाही किंवा सुतक तरी.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. त्याच अध्यायात परतीचा विधीही आहे. प्रायश्चित्त पुरे झाले की आप्तांनी त्याच्यासह पवित्र जलाशयात स्नान करायचे आणि पाण्याने भरलेला नवा घडा त्यात सोडायचा. कागदावर तरी दार उघडे होते. प्रत्यक्षात ते कुणासाठी उघडे होते, हा खरा इतिहासाचा प्रश्न; आणि त्याचे उत्तर पुण्यातच सापडते.

ऑक्टोबर १८९०. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. नंतर चहा-बिस्किटे आली. कुणी चहा घेतला, कुणी नुसता पेला हाती धरून खाली ठेवला. गोपाळराव जोशी यांनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि ग्रामण्य उभे राहिले. गाऱ्हाणे शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीसाठी माणसे नेमली गेली. एका पेल्याचा हा खटला वर्षभराहून अधिक चालला. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांकडून बोलणी खाल्ली. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीश होणाऱ्या माणसालाही ज्या दडपणापुढे वाकावे लागले, त्याला 'समाजाची शिस्त' असे गोंडस नाव देणाऱ्यांनी एवढेच सांगावे : चहा पिणे हा गुन्हा आहे, हे त्या दिवशी दुपारी कुठल्या नियमपुस्तकात छापलेले होते?

पण रानडे-टिळकांच्या हाती बरेच काही होते. वृत्तपत्र होते, कायद्याचे ज्ञान होते, काशीला जाण्याइतका पैसा होता. आणि मुख्य म्हणजे वाळीत पडूनही त्यांची चूल विझणार नव्हती. पंचहौदचे प्रकरण मराठी पुस्तकांत चवीने सांगितले जाते. त्यात चहा आहे, थोर माणसे आहेत, थोडा विनोदही आहे. जिथे विनोद नव्हता ती पाने मात्र भराभर उलटली जातात.

महाडला १९-२० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर सत्याग्रहींना मार बसला, आणि गावोगावी अस्पृश्यांची कोंडी सुरू झाली. मुंबई सरकारने १९२८ मध्ये अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीसाठी समिती नेमली, अध्यक्ष ओ. एच. बी. स्टार्ट, सदस्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९३०च्या अहवालात या समितीने बहिष्काराची यंत्रणा उलगडून दाखवली आहे. अस्पृश्यांपैकी काही जण सवर्णांची जमीन कुळाने कसतात, काही त्यांच्याकडे मजुरीला जातात. त्यांनी सार्वजनिक विहिरीचे पाणी मागितले, अंगावर चांगले कपडे वा दागिने घातले, जमीन विकत घेतली किंवा नवरदेवाला घोड्यावर बसवून रस्त्याने वरात नेली, की जमीन काढून घ्यायची, काम बंद करायचे, वाट अडवायची आणि वाण्याने मीठमिरचीही विकायची नाही. लाठी उगारावी लागत नाही; उपास आपले काम चोख करतो. हाच उतारा बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेच्या कामकाजात पुढे ठेवला. ज्या माणसाने आपल्या संस्थेचे नाव 'बहिष्कृत हितकारिणी सभा' ठेवले आणि पत्राचे नाव 'बहिष्कृत भारत', त्याला बहिष्काराचा अर्थ शब्दकोशातून शोधावा लागला नव्हता.

जाता जाता एक विसंगती. हेच स्टार्टसाहेब मुंबई इलाख्यात गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतींचे प्रमुख अधिकारी होते. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. हजेरी, परवाना, तारेचे कुंपण. सोलापूरची वसाहत हे त्याचे आपल्याकडचे ठळक उदाहरण. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला आणि माणसे 'विमुक्त' झाली, पण पोलिसी संशय सुटला नाही. गावाच्या बहिष्काराचे क्रौर्य इतक्या नेमकेपणाने लिहिणाऱ्या समितीच्या अध्यक्षाला आपल्या टेबलावरच्या दुसऱ्या फायलीत तेच क्रौर्य सरकारी शिक्क्यानिशी पडलेले दिसले नाही. सत्तेच्या खुर्चीवरून शेजारच्या वाड्यातला अन्याय फार स्वच्छ दिसतो.

कायद्याचा प्रवासही सरळ झाला नाही. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये बहिष्कारबंदीचा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो रद्द ठरवला : धर्मसंस्थेला आपल्या कारभारासाठी बहिष्काराचा अधिकार आहे. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी भिन्नमत नोंदवले. बहिष्कृताची अवस्था अस्पृश्यासारखी होते, हे त्यांना दिसत होते. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ राज्यात या विषयावर स्वतंत्र कायदाच नव्हता. जातपंचायतींच्या विरोधात महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने आणि इतर अनेकांनी लढा दिला, एकामागून एक प्रकरणे उजेडात आली. अखेर एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा मंजूर केला आणि जुलै २०१७मध्ये तो अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. असा कायदा करणारे महाराष्ट्र पहिले राज्य ठरले, हे अभिमानाने सांगितले जाते. ज्या राज्याला तो सर्वांत आधी लागला, हेही त्याच वाक्यात सांगायला हरकत नाही. १९६२च्या निकालाचा प्रश्न १० फेब्रुवारी २०२३ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला.

आता पुन्हा त्या दोन पंचांकडे. बालेवाडीच्या मॅटवरचा पंच पुणेरी पलटणचा नसतो आणि समोरच्या संघाचाही नसतो. जातपंचायतीचा पंच त्याच गोतातला, त्याच भावकीतला, कित्येकदा जमिनीच्या त्याच बांधाचा वादी असतो. नियम तो करतो, मोडला की नाही तो ठरवतो, शिक्षा तो सुनावतो, दंडाची रक्कमही त्याच्याच हाती जाते. निकाल लिहून देत नाही. दिलाच तर तो पुरावा होईल म्हणून फाडतो. अपील नाही, मुदत नाही. आंतरजातीय लग्न केले मुलीने; हळदीकुंकवाचे बोलावणे बंद झाले आईचे; मयताला खांदा द्यायला माणूस मिळेना आजोबांच्या. याला कार्ड म्हणायचे तर ते अदृश्य कार्ड आहे, दाखवणाऱ्याचा हातही न दिसणारे. पोलीस विचारायला आले की अख्खे गाव एका सुरात सांगते, "छे, आम्ही कुठे काय केले? ज्याच्या त्याच्या मर्जीने जो तो वागतो."

मैदानाचा एक अपवाद इथे दडवणे बरे नव्हे. २०२३च्या कॅरिबियन प्रीमियर लीगमध्ये षटके वेळेत न टाकल्याबद्दल संघाला लाल कार्ड देण्याचा नियम आला. बाहेर कोण जाणार हे कर्णधाराने ठरवायचे. २७ ऑगस्टला पोलार्डने सुनील नारायणला बाहेर पाठवले. नारायणची चार षटके टाकून झाली होती. तो संघाच्या पापासाठी गेला. पोलार्डने जाहीरपणे या नियमाची खिल्ली उडवली. एका सामन्यातल्या एका षटकासाठी एका निर्दोष माणसाला सीमारेषेबाहेर बसवले तर क्रिकेटजगत अस्वस्थ झाले. गावोगावच्या निर्दोष आयांच्या आणि आजोबांच्या वाट्याला तेवढीही अस्वस्थता येत नाही.

विरोधी बाजूचा सर्वांत मजबूत मुद्दा टाळून चालणार नाही. तो असा : बहिष्कार हे दुबळ्यांचेही शस्त्र आहे. 'बॉयकॉट' हा इंग्रजी शब्दच १८८० मध्ये आयर्लंडच्या कुळांनी जमीनदाराच्या कारभाऱ्याला, कॅप्टन बॉयकॉटला, धडा शिकवला त्यातून आला. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विलायती कापडाची होळी झाली, ती बहिष्काराचीच होती. याच मुळशी तालुक्यात १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला; मोठ्या सत्तेशी असहकार करणे हा त्यांचा हक्कच होता. हे सारे खरे आहे. पण या प्रत्येक ठिकाणी बहिष्काराची दिशा खालून वर आहे. कॅप्टन बॉयकॉटचे पीक काढायला आलेल्या मजुरांना सरकारने सैन्याचा बंदोबस्त दिला. मँचेस्टरच्या गिरणीमालकाच्या मुलीचे लग्न पुण्याच्या होळीमुळे अडले नाही. बलवानाकडे पाठ फिरवणे म्हणजे नकार. ज्याची विहीर, दुकान आणि वाट आपल्याच हातात आहे त्याच्याकडे पाठ फिरवणे म्हणजे नाकाबंदी. दोन्हींना एकच शब्द आहे हा भाषेचा दोष. दोन्हींना एकच न्याय लावणे हा मात्र माणसांचा लबाडपणा.

"मग दारू विकून गाव नासवणाऱ्याचे काय करायचे?" हा पुढचा प्रश्न. त्यालाही महाराष्ट्राकडे उत्तर आहे, आणि ते लाल कार्डाच्या कितीतरी जवळचे आहे : उभी बाटली, आडवी बाटली. परवानाधारक दारू दुकानाविरुद्ध गावातल्या महिलांनी मागणी करायची, अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली गुप्त मतदान व्हायचे, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. नियम आधी ठरलेला, मोजणी उघड्यावर, शिक्षा दुकानाला. दुकानदाराची मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत जाते आणि तिच्या शेजारी बसायला कुणाची ना नसते. गावाला शिस्त लावायची इच्छा असेल तर साधने आहेत. वाळीत टाकणाऱ्यांना शिस्त नको असते, धाक हवा असतो.

देशी खेळांनी तर हा फरक कार्डाआधीच ओळखला होता. हुतूतूच्या जुन्या प्रकारांची नावे पाहावीत : संजीवनी, गामिनी, अमर. गामिनीत बाद झालेला गडी अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेरच. संजीवनीत मात्र समोरचा एक बाद झाला की आपला एक गडी पुन्हा जिवंत होऊन आत येतो. आजची कबड्डी संजीवनीच्या वाटेने वाढली. चांद्याचे पोर बालेवाडीला जाऊन जो खेळ पाहते त्यात 'मेलेला' गडी मिनिटभरात उठून रिंगणात उभा असतो, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही.

गाव बदलले म्हणजे ही खोड जाईल असेही नाही. २०२० सालच्या एप्रिल-मेमध्ये पुणे जिल्हा 'रेड झोन'मध्ये होता. विषाणूसाठी नकाशावर भरलेला तो लाल रंग बघता बघता माणसांवर उतरला. राज्यात कितीतरी गावांनी वेशीवर दगड आणि काट्या टाकून शहरातून परतणाऱ्या आपल्याच लेकरांना अडवले. शहरातल्या इमारतींनी परिचारिकांना आणि मोलकरणींना दारात थांबवले. तेव्हा गावठाण आणि गृहसंकुल यांच्यातला फरक क्षणभर पुसला गेला होता.

हिंजवडीच्या आसपास आता शेताच्या जागी मनोरे आहेत. तिथे गावकी नाही, भावकी नाही. व्यवस्थापन समिती आहे आणि व्हॉट्सॲपचा गट आहे. अविवाहितांना घर भाड्याने द्यायचे नाही, अमुक आडनावाचे भाडेकरू नकोत, तक्रार करणाऱ्याला गटातून काढा आणि त्याच्याशी कुणी बोलू नका, असे 'ठरते'. कुणी ठरवले, कधी ठरवले, कुठे लिहिले आहे, हे विचारले की उत्तर तेच येते : जो तो आपल्या मर्जीने वागतो. पंच पुन्हा दिसत नाही. २०१६च्या कायद्याने 'समाज' या शब्दाची जी व्याख्या केली आहे ती जन्म, धर्म, जात, पोटजात यांभोवती फिरते. त्या व्याख्येत मनोऱ्याचे हे दार अजून बसत नाही.